देठाकडची चकती

माझ्या आजारपणाची गोष्ट माझ्या जावेने दीड मिनिटात सांगून टाकली. मागे हळवं संगीत, डोळ्यांत पाणी, आणि ती म्हणते, "आमच्या ताईंनी चुकून कडू दुधीचा रस घेतला." तो व्हिडिओ गावोगाव फिरला. त्यात एकच शब्द खोटा आहे, 'चुकून'. मी चुकून प्यायले नाही. कडू लागतंय हे कळत असताना तांब्याभर प्यायले. का प्यायले ते दीड मिनिटात मावत नाही, आणि ते सांगायचा हक्क माझा आहे, तिचा नाही.

दुसऱ्या कुणावर अशी वेळ येऊ नये म्हणून लिहिते, असं अशा लिखाणात म्हणतात. माझंही ते कारण आहेच. पण त्याच्या आधीचं कारण हे, की आजारी मी पडले आणि गोष्ट तिची झाली.

आधी माझ्याबद्दल

मी शोभा. पिंपळवंडीत राहते, कोथिंबीर आणि मेथीचा व्यापार करते. शेतकऱ्याचं उभं शेत बघायचं, किती जुड्या निघतील ते नजरेने ठरवायचं आणि बांधावरच सौदा पक्का करायचा, हे माझं काम. नारायणगाव, ओतूरच्या लिलावातही माल घेते. सुरुवात डोक्यावर मेथीची पाटी घेऊन आठवडेबाजारात बसण्यापासून केली होती. आज दारात दोन पिकअप उभ्या आहेत आणि त्या कुणी आंदण दिलेल्या नाहीत.

भांडखोर म्हणून माझं नाव आहे, ते खरं आहे. 'एकच भाव' अशी पाटी लावलेल्या दुकानाची पायरी मी चढत नाही. समोरच्याने सांगितलेल्या भावात वस्तू घेतली की मला रात्रभर चैन पडत नाही. आणि बाजारात पहिल्या वर्षी शिकले ती गोष्ट म्हणजे, आपल्या मनात काय आहे ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. या दोन सवयींवर माझं घर उभं राहिलं. त्याच दोन सवयींनी मला मंचरच्या दवाखान्यात नेऊन झोपवलं.

वैशाली माझ्या धाकट्या दिराची बायको. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आमची घरं एकाच आवारात, मध्ये फक्त तुळस. लग्न होऊन आली तेव्हा चांगली गुटगुटीत होती, माझ्यासारखीच. मग तिने सकाळी दुधीचा रस प्यायला सुरुवात केली, आलं-लिंबू-पुदिना घालून, आणि फोनपुढे उभी राहून तो प्यायची. वर्षभरात ती निम्मी झाली. येडगाव धरणाच्या भिंतीवर उभी राहून, केस वाऱ्यावर सोडून म्हणायची, "मैत्रिणींनो, अर्धा ग्लास, रिकाम्या पोटी. थोडं कडवट लागलं तर घाबरू नका. कडू तेवढं गुणकारी!"

त्या एका व्हिडिओने ती कुठल्या कुठे गेली. चाकणहून, नगरहून बायका तिला बघायला यायला लागल्या. आवारात गाडी थांबायची, मी कोथिंबिरीला पाणी मारत बसलेली असायचे, आणि गाडीतून उतरलेली बाई विचारायची, "तुम्ही वैशालीताईंच्या जाऊबाई का?"

वीस वर्षं बाजारात मला लोक माझ्या नावाने ओळखत होते. आता मी कुणाची तरी जाऊबाई झाले होते.

येडगावचा साखरपुडा

नात्यातला साखरपुडा होता. पोरींचा घोळका वैशालीभोवती. त्यातल्या एकीने फोन माझ्या हातात दिला.

"मावशी, आमचा एक फोटो काढा ना. तुम्ही फ्रेममधी येताय."

वैशाली ताई, आणि मी मावशी. मी फोटो काढला. चांगला काढला. फोन परत देताना ती पोर म्हणाली, "तुम्ही नाय का पीत त्यांचा ज्यूस?"

सगळ्या हसल्या. वैशालीही हसली. तिला वाटलं असेल की आपण सहज हसतोय.

"आमच्याकडं त्यो गोठ्यात ठेवत्यात," मी म्हणाले. "म्हशीला पाजाया. म्हस पण तोंड फिरवती."

यावर आधीपेक्षा मोठं हसू झालं. वैशालीचा चेहरा उतरला. त्या दिवशी मी जिंकले. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे डेअरीला दूध घालायला गेले आणि मी तिचा व्हिडिओ लावला. माझ्या फोनवर नाही, ह्यांच्या जुन्या फोनवर. बघणाऱ्यांच्या आकड्यात माझ्या नावाची एकसुद्धा भर तिला मिळायला नको होती. तीनदा बघितला. मग दुधी किसला.

तीन आठवडे

तिचा अर्धा ग्लास, तर माझा एक. चार दिवसांनी दोन. माझा हिशेब सरळ होता: तिला वर्ष लागलं ते मला तीन महिन्यांत हवं. एकदा तिच्यापेक्षा बारीक होऊन तिच्या शेजारी उभं राहायचं आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, "छे, मी काही पीत नाही. कामाने होतं."

क्रेट तोलायच्या काट्यावर, कुणी नसताना, मी रोज उभी राहायचे. काटा हलत नव्हता. समोरच्या घरात ती कुर्त्याची बाही टाचून घेत होती, कारण जुने कपडे तिला ढगळ व्हायला लागले होते. मी दारातून बघायचे आणि पोटात आग पडायची. आजाराची पहिली आग ती, डॉक्टरांना दाखवता न येणारी.

मिक्सरचा आवाज लपवायला मी नळ सोडून ठेवायचे. ह्यांनी एकदा विचारलं, "रोज सकाळी कसली चटणी करतीस गं? ताटात तर कधी येत न्हाई."

"तुमाला नसती चौकशी," मी म्हणाले. विषय संपला.

ती सकाळ

त्या दिवशी बाजारातले दुधी संपले होते. आमच्या घरामागे उकिरड्याजवळ एक वेल आपोआप उगवून कुंपणावर चढला होता. कुणी लावला नव्हता, कुणी पाणी घातलं नव्हतं. त्याला एक दुधी लटकला होता, लांबलचक, देखणा. फुकटचा माल. मी तोडला.

आमच्याकडे दुधी असो नाहीतर काकडी, चिरायच्या आधी देठाकडची चकती कापून जिभेला लावतात. कडू निघाली तर फळ उकिरड्यावर. पाच वर्षांच्या पोरीलाही हे कळतं. तरी सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला पुन्हा बजावलेली गोष्ट ही. लिलावात मी काकडीचं पोतं फोडून, चावून बघितल्याशिवाय बोली लावत नाही. शेतकरी चिडतात, "शोभाताई, सगळंच खाता का काय?"

त्या दिवशी मी चकती कापली नाही. ह्यांची परत यायची वेळ झाली होती. देठासकट किसला, मिक्सर फिरवला, तांब्यात ओतला. पहिल्या घोटालाच जीभ आखडली. कडूजहर. आलं, लिंबू, पुदिना, काहीच लागत नव्हतं.

मी थांबले. एवढं खरं आहे की मी थांबले. हातात तांब्या, समोर खिडकी, खिडकीतून वैशालीच्या दोरीवर वाळत घातलेली तिची नवी, लहान मापाची जीन्स दिसत होती.

कडू तेवढं गुणकारी. मला वाटलं, हाच असणार खरा माल. इतके दिवस गोड दुधी पीत होते म्हणून काटा हलला नाही. नाक दाबून मी तांब्या रिकामा केला.

"काय खाल्लं होतं?"

अर्ध्या तासात मी मोरीत होते, ओकत. मग जुलाब. मग एकाच वेळी दोन्ही. ह्यांनी आधी पाणी दिलं, मग घाबरून वैशालीला हाक मारली, कारण पिकअपचे ड्रायव्हर माल घेऊन गेलेले आणि आवारात गाडी चालवणारी तीच. मी मान हलवून नको म्हणत होते, कुणी ऐकलं नाही. तिच्या पांढऱ्या सीटवर मी दोनदा ओकले. "असू द्या ताई, असू द्या," ती आरशातून म्हणत होती आणि गाडी पळवत होती. तिचं हे चांगुलपण मला त्या स्थितीतही सहन होत नव्हतं.

नारायणगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं-प्यायलं?"

उशाशी वैशाली उभी. माझी चप्पल तिच्या हातात होती.

"कालची मटकीची उसळ," मी म्हणाले. "आंबली असंल."

डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवला. ठेवणारच. सलाईन लागलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. मी डोळे मिटून पडले आणि मनात म्हणाले, निभावलं.

तासाभराने उलटीत रक्त आलं. थोडं नव्हतं. वैशालीच्या ओढणीवर उडालं तेव्हा तीच किंचाळली. रक्तदाब इतका खाली गेला की डॉक्टरांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावून मंचरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मंचर

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. पोटावर हात ठेवून तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. ती ह्यांच्याकडे वळली. "उसळ तुम्ही पण खाल्ली?"

"आमी समद्यांनीच खाल्ली. हिलाच तेवढी..."

ती माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे ओळखल्यावर मी जशी बघते तशी.

"मावशी, आतून रक्त येतंय. अंदाजावर औषध देता येत नाही. काय घेतलंय ते सांगा."

"हिला भाईर पाठवा," मी म्हणाले. "मग सांगते."

"कुणाला? वैशालीला?" हे म्हणाले. "अगं, सकाळपास्नं तीच तर समदं बघतीय!"

वैशालीने माझा हात धरलेला होता. तो हात गार पडत चाललेला मलाच कळत होता. पहिल्यांदा मला भीती वाटली. मरणाची भीती वाटण्याआधी मनात आलं, मी मेले तर माझ्या तेराव्याला ही सडपातळ उभी असेल आणि लोक हिच्याकडेच बघतील. हे लिहायला लाज वाटते, पण असंच मनात आलं. आणि त्याच रागाने तोंड उघडलं.

"दुधीचा रस."

वैशालीचा हात सैल झाला. "कुणाचा बघून?"

"तुझाच. अजून कुणाचा?"

"ताई! पण तुमी तर म्हशीला..."

"कडू होता का?" डॉक्टरने मध्येच विचारलं.

"व्हय."

"किती घेतला?"

"तांब्याभर."

"मी अर्धा ग्लास सांगितला व्हता," वैशाली म्हणाली. 

"तुम्ही बाजूला व्हा," डॉक्टरने तिला सांगितलं, आणि मग तिथे नुसती धावपळ झाली. तोंडातून दुर्बीण घातली, दोन्ही हातांना सुया लावल्या. जरा सावरल्यावर मी डॉक्टरला म्हटलं, "ताई, याच्यावर जे भारीतलं औषध असंल ते द्या. बाकीचं मी बघते."

"याच्यावर उतारा नाही," ती म्हणाली. "शरीराला सांभाळायचं, आणि वाट बघायची."

"काहीतरी असंलच की."

"नाही, मावशी."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने एकच उत्तर दिलं आणि मला ते आहे तसं घ्यावं लागलं.

पेज

सहा दिवस होते मी तिथे. सकाळी झाडूवाली, मग सुई, मग डॉक्टर, मग पुन्हा सुई. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दर तासाला विचारायची, "तुमाला काय झालंय?" मी दर तासाला वेगळं सांगायचे.

हे दिवसभर बाहेरच्या बाकावर. घरी म्हैस, बाजारात माल, आणि हे कुणाशी न बोलता बसलेले. एकदाच म्हणाले, "माज्यापासनं लपवाया नळ सोडत व्हतीस व्हय? पाणी किती गेलं!" आणि डोळे पुसत उठून गेले.

आत थांबायची वैशाली. मी तिच्याशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी एक नर्स सलाईनची बाटली बदलायला आली आणि तिच्याकडे बघून थबकली.

"मॅडम, तुम्ही त्याच ना? दुधीवाल्या? मी किती दिवस म्हणतेय सुरू करायचं. अर्धा ग्लासच ना?"

माझ्या उशाशी! मी तिथे सुया टोचून पडलेली आणि तिथेही तिचीच ओळख निघाली. मला उठून बाटली फोडावीशी वाटली.

वैशालीने आधी माझ्या हातातल्या सुयांकडे बघितलं. मग म्हणाली, "नका घेऊ. मी पण पीत न्हाई."

नर्स गेल्यावर मी तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले. "पीत न्हाईस म्हंजे?"

"पहिले पंधरा दिवस पिले. पोटात आग पडायची. तवापासनं व्हिडिओपुरता तोंडाला लावते नि कुंडीत ओतते."

"मग बारीक कशानं झालीस?"

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "जेवत न्हाई, ताई. लोक रोज कमरेकडं बघत्यात. एक दिवस पोट दिसलं की लिहित्यात, सुटलं बगा. मग भूक लागली की पाणी पिते. वरीस झालं पोटभर जेवून."

मी वर्षभर तिच्या घराकडे डोळे लावून बसले होते. कपडे बघितले, गाड्या मोजल्या, बाही टाचताना बघितलं. तिच्या घरातून दुपारी फोडणीचा वास येणं कधी बंद झालं, ते मला कळलं नव्हतं.

त्या दुपारी डॉक्टरने मला पहिल्यांदा भाताची पेज दिली. वैशालीने वाटी धरली, चमचा पुढे केला. मी तोंड मिटलं.

"ताई, खा की."

"आधी तू."

"ही पेशंटची हाय."

"एक तुझा, एक माझा. न्हाईतर वाटी परत ने."

"एवढ्याशा पेजंत पण घासाघीस?"

"सवय हाय."

तिने एक चमचा घेतला. मग मी. वाटी संपली तेव्हा ती रडत होती, आणि मी शपथेवर सांगते, रडतानाही ती चांगली दिसत होती. माझं तसं होत नाही. माझं नाक लाल होतं.

"काळजी घ्या"

तिने तो जुना व्हिडिओ काढून टाकला. काढण्याआधी दोन दिवस घुटमळत होती, तिचं सगळं नाव त्यावरच उभं होतं. मी सरळ सांगितलं, "त्यो काढ, तरच माज्याबद्दल बोल." तिने माझ्यासमोर काढला आणि नवा केला, सुरुवातीला सांगितला तो.

त्याखाली हजारो बायकांनी लिहिलं, 'वैशालीताई, काळजी घ्या.' रक्त मी ओकले आणि काळजी घ्या तिला!

काढलेला व्हिडिओही गेला नाही. लोकांनी तो आधीच उतरवून ठेवला होता. आजही फिरतोय, कुणा तिसऱ्याच्याच आवाजात.

घरी आल्यावर मी काट्यावर उभी राहिले. काटा चांगलाच खाली होता. आणि मला आनंद झाला. एवढं होऊनही झाला. खोटं सांगून एकदा अंगाशी आलंय, म्हणून हेही खरं सांगते. वैशालीने मला काट्यावर बघितलं. तिने आकड्याकडे नजर टाकली आणि पटकन दुसरीकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. वर्षभर तीच माझ्या डोळ्यांत होती.

ओतूरचा लिलाव

दोन महिन्यांनी मी लिलावाला उभी होते. डिंगोऱ्याची एक तरुण बाई कोथिंबीर घेऊन आलेली, अंगाने माझ्याएवढी, म्हणजे मी पूर्वी होते तेवढी. तिच्या मालावर माझी नजर होती, हिरवागार, ताजा. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, किती बारीक झालात! काय घेता?"

कधीपासून मला हा प्रश्न हवा होता. मी क्षणभर तो ऐकत उभी राहिले. मग सांगितलं, "दुधीचा रस पिऊन मरता मरता वाचले. मंचरला सहा दिवस व्हते."

"व्हय, बघितलं मी त्यांच्या व्हिडिओत." तिने पिशवी सरकवली. पिशवीतून दुधीचं टोक बाहेर आलं होतं. "पण तुमी तांब्याभर पिलात ना? कडू निघाला नि अर्धाच ग्लास घेतला तर?"

"न्हाई."

"बरं, पाव?"

"न्हाई."

"दोन चमचं?"

ती हसत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आवाज तिचा होता, बोलत मी होते.

"हे बघ," मी म्हणाले, "तुज्या आयुष्यात माज्याएवढी चिवट बाई तुला भेटायची न्हाई. मी डॉक्टरशी भाव करून बघितला. कडू निघालं की हितं एकच भाव. घोट पण न्हाई. आणि पिलीसच, तर डॉक्टरला पयल्या फटक्यात खरं सांगायचं. उशाशी तुजी जाऊ उभी असली तरी."

आडत्याने मला हाक मारली. तिच्याच मालाची बोली सुरू झाली होती. मी हात वर केला नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माल पारनेरच्या व्यापाऱ्याने नेला, चांगला माल होता. मी तिला उलट्या क्रेटवर बसवलं आणि मोरीतल्या नळापासून सगळं सांगितलं, दोरीवरच्या जीन्ससकट. दीड मिनिटात झालं नाही.

सांगून झाल्यावर तिच्या पिशवीतला दुधी काढला. कोथिंबिरीच्या विळ्याने देठाकडची चकती कापून तिच्या हातावर ठेवली.

"आधी जीभ लाव."

तिने लावली. "गोडंय की."

"मग घरी जा, याची भाजी कर," मी म्हणाले, "आणि पोटभर जेव."